पूल ओलांडलेली

काचेखालच्या फटीतून पिवळं कार्ड पुढे सरकलं आणि मी ते नेहमीच्या सवयीनं उचललं. आतली मुलगी नवीन होती. "हे फ्रिजवर लावा, आजी," ती म्हणाली, "आणि घरच्यांना सांगून ठेवा, काही झालं तर आधी आम्हाला फोन, मग शवपेटीवाल्यांना." हे वाक्य मला तोंडपाठ होतं. विद्यापीठाच्या मेंदू विभागातून अशी तीन कार्डं मी आजवर घरी नेली होती: पहिलं भावाचं, एर्नानचं, दुसरं बहिणीचं, लेओनिसाचं, तिसरं धाकट्या फाबियोलाचं. ते अजून आमच्या फ्रिजवर केळ्याच्या आकाराच्या चुंबकाखाली आहे. नऊ दिवसांपूर्वी फाबियोला गेली तेव्हा मीच त्यावरचा नंबर फिरवला होता, आणि तासाभरात ही माणसं तिला न्यायला आली होती. संध्याकाळी, मेंदू अभ्यासाला ठेवून घेऊन, त्यांनी तिला परत आणलं, डोक्याला पांढरा रुमाल नीट बांधून. आज मी तिचा मृत्यूचा दाखला द्यायला आले होते. मला वाटलं, पोरीनं घोळ घातला, गेलेल्या माणसाचंच कार्ड पुन्हा छापलं. परत सरकवावं म्हणून मी ते उलटं केलं, तर वर माझं नाव होतं. माझं, आणि माझ्या बापाचं आडनाव, आणि आईचं आडनाव, म्हणजे चुकीला जागाच नाही. तेवढ्यात मागून मारिएला आली. ही इथली जुनी नर्स. माझ्या तिन्ही भावंडांचं रक्त हिनंच काढलेलं. तिनं कार्ड पाहिलं, खिडकीतल्या मुलीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एखाद्या घराची पडवी खचावी तसा खचला. "दोन्या एदिल्मा," ती नेहमीच्या अदबीनं म्हणाली, "डॉक्टर आत थांबल्यात हो. हे आधी नव्हतं द्यायचं."

हे कार्ड आमच्यात फक्त खूळ लागलेल्यांना मिळतं. कागदावर त्याला अल्झायमर म्हणतात. आमच्या डोंगरात त्याला खूळ म्हणत आलेत, डॉक्टर यायच्या शंभर वर्षं आधीपासून. माझा भाऊ हिल्दार्दो त्रेसष्टचा झाला, ठणठणीत आहे, त्याला कधी कुणी कार्ड दिलं नाही. तोच म्हणतो, माझ्या मेंदूची किंमत पिवळ्या कागदाइतकीही नाही. मलाही वाटायचं, मी त्याच्याच रांगेतली. इथं मला वर्षानुवर्षं बोलावतात ते निरोगी माणूस म्हणून, आजाऱ्यांच्या शेजारी ठेवून बघायला. कापडवाला दोन ताग्यांचे रंग जुळतात का ते उजेडात धरून बघतो, तसं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी विचारलं, आता नियम बदललाय, ज्यांना हवं त्यांना रक्तातलं सांगतो, तुम्हाला हवंय का? मी हसले होते. मी म्हटलं, सांगा की, मला कसली भीती, मी तर वीस वर्षांपूर्वीच पूल ओलांडलाय. समुपदेशक बाईंबरोबर दोन बैठकाही झाल्या, लहानपणी चर्चमध्ये प्रश्नोत्तरं पाठ करायला बसवत तशा. मी त्यांना माझ्या हातच्या अरेपा, मक्याच्या जाड भाकऱ्या, नेल्या होत्या.

डॉक्टर सालोमे माझ्या मुलीपेक्षा लहान आहे. तिनं हातातलं पेन तीनदा जागेवर ठेवलं. "सगळी माणसं जवळजवळ सारखीच लिहिलेली असतात, दोन्या एदिल्मा," ती म्हणाली. "लाखो ठिकाणी एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं, आणि त्यानं बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तुमच्या घरात ज्यांना हा आजार झाला, त्यांच्यात एकाच ठिकाणी एक अक्षर वेगळं आहे." मी मान हलवली, हे मी तीस वर्षं ऐकलंय. "ते तुमच्यातही आहे." मी म्हटलं, "तपासताना चूक झाली असेल. मी सहासष्ट वर्षांची आहे. आमच्यात चव्वेचाळीसला सुरू होतं." "तीनदा तपासलं. आम्हालाही तेच कळत नव्हतं." मग तिनं दुसरा कागद पुढे ओढला. दुसऱ्या एका ठिकाणी, माझ्या भावंडांत तसं नव्हतं असं, एक अक्षर माझ्यात वेगळं आहे म्हणे. आईकडूनही तेच आलं आणि वडिलांकडूनही तेच, म्हणजे दुहेरी. त्यांना वाटतं, त्यानंच आजाराला बाविसेक वर्षं अडवून धरलंय. वाटतं, ती दोनदा म्हणाली, खात्री नाही. मग डोक्याचं चित्र दाखवलं. फाबियोलाचं शेजारी. लाल, पिवळे डाग. माझ्या डोक्यात गाळ तिच्यापेक्षा जास्त होता. विहिरीच्या तळाशी साचतो तसा, वर्षानुवर्षं, आवाज न करता. आणि वर मी चालत होते, बोलत होते, दुसऱ्यांच्या मयतीत नऊ-नऊ संध्याकाळ प्रार्थना गात होते. "आणि माझी मुलगी?" मी विचारलं. समुपदेशक बाईंनी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला, मी तो परत सरकवला. "पहिलं अक्षर तिच्यात असण्याची शक्यता निम्मी," डॉक्टर म्हणाली, "नाणं उडवावं तशी. दुसरं तिच्यात असणारच, पण एकेरी. एकेरी किती राखतं, ते अजून कुणालाच सांगता येत नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "घाई नाही. त्यांना हवं असेल तरच. सोमवारी आठला मी इथं असते."

बाहेर ऊन होतं. मेट्रोत बसायला जागा मिळाली, समोर एक बाई मांडीवर केकचा खोका घेऊन तो वाकडा होऊ नये म्हणून श्वास रोखून बसली होती, आणि मला वाटलं आपणही तसंच काही मांडीवर घेऊन बसलोय. आमच्या गावी, सांता इनेसला, मी लहान असताना, पाद्री एलिसेओ होते. ते प्रवचन नुसतं सांगत नसत. एक ओळ बोलायचे, दुसरी गायचे, तिसरीत आम्हाला ओढायचे. बाप्ये टोपी मांडीवर ठेवून, बाया शालीआड पोरं पाजत, सगळे डोलत असायचे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी ते ती रात्र गायचे, जेव्हा संहाराचा दूत घरोघर फिरला आणि ज्या चौकटीवर कोकराच्या रक्ताची खूण होती ते दार सोडून पुढे गेला. "थांबला का?" ते कानावर हात ठेवून विचारायचे. "पुढे गेला!" आम्ही ओरडायचो. "थांबला का?" "पुढे गेला!" देवाच्या दयेला चाल असते, हे मला त्या माणसानं शिकवलं. मी मोठी झाले, आईला खूळ लागलं, तिला भरवलं, धुतलं, मातीत ठेवलं. मग एर्नानला, मग लेओनिसाला, मग फाबियोलाला. आणि दरवेळी मनाच्या तळाशी, दुःखाच्याही खाली, ती चाल वाजत असायची. पुढे गेला. माझ्या दारावरून पुढे गेला. कारण या सगळ्यांना भरवायला कुणीतरी लागणार होतं. मी त्याचे आभार मानले, अगदी मनापासून, गुडघे सोलवटेपर्यंत. आता कळलं की तो पुढे गेलाच नव्हता. तो आत आला, टेबलाशी बसला, माझ्या हातचं गुळाचं पाणी प्यायला, माझ्या पोरीला मोठी होताना पाहिलं. कुणीतरी त्याची मनगटं धरून ठेवली होती, इतकंच. आणि ज्यानं धरली होती त्याचेही मी कधी आभार मानले नव्हते, कारण झटापट चाललीय हेच मला ठाऊक नव्हतं.

असेवेदो स्टेशनला उतरून डोंगरावर जाणाऱ्या तारेवरच्या पाळण्याच्या रांगेत उभं राहिलं की खाली नदी आणि नदीवरचा पादचारी पूल दिसतो. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. आमच्यातली ही रीत कुणी ठरवली नाही, ती आपोआप पडली. सांता इनेसला झुलता पूल होता, बाजाराकडे जाणारा. त्रेचाळिसाव्या वर्षी आई त्या पुलाच्या मध्यावर कोंबडी काखेत घेऊन उभी राहिली आणि घर कुठल्या बाजूला ते तिला आठवेना. दोन्ही काठांवरून माणसं हाका मारत होती. तेव्हापासून आमच्यात सेहेचाळीस पुरी झाली आणि डोकं शाबूत राहिलं की म्हणतात, पूल ओलांडला. शहरात आलो तरी रीत सोबत आली. सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला सगळं गोत जमतं, मेणबत्त्या, गाणं, चीजचे गरम बुन्युएलो, आणि तो माणूस मेट्रोच्या लोकांना वाट देत देत हा पूल चालून जातो. पलीकडे पोचला की त्याची पोरं मोकळी. आईबापात नाही ते पोरांत कुठून येणार? हे खरंच आहे, डॉक्टरही तेच सांगतात. चूक इतकीच की आम्ही वय मोजलं आणि त्यालाच रक्त समजलो. आणि तोवर, म्हणजे चाळिशी ते सेहेचाळीस, आमच्यात माणसाच्या तोंडात कुणी शब्द घालत नाही. तो अडखळला की सगळे थांबतात. रविवारच्या जेवणात एखाद्यानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की चमचे थांबतात, आणि कुणीही कुणाकडे न बघता सगळे मोजतात. एक. दोन. शब्द पुरवणं ही आजाऱ्याची सेवा; निरोग्याला शब्द पुरवणं म्हणजे त्याचा आजार झाकणं. असं आम्ही मानतो. फाबियोला असंच एकदा मिठाच्या बरणीसमोर 'ते पांढरं' म्हणत उभी राहिली होती, आणि आम्ही सात माणसं गप्प बसलो होतो. तिचे डोळे एकेकाच्या तोंडावरून फिरत होते, भीक मागितल्यासारखे. मी देऊ शकले असते तो शब्द. दोन अक्षरांचा शब्द.

मी पूल ओलांडला तेव्हा यामिले, माझी एकुलती, बावीस वर्षांची होती. नेल्सन नावाचा चांगला मुलगा तिच्यासाठी दोन वर्षं थांबला होता आणि ती त्याला नाही म्हणत होती. माझ्यात ते असेल तर तुझ्या पोरांच्या वाट्याला का घालू, म्हणायची. पुलाच्या पलीकडच्या टोकाला मी वळले, मेणबत्ती हातात, आणि सगळ्यांदेखत ओरडले, "माझी पोर मोकळी!" हिल्दार्दोनं तिप्लेच्या तारा छेडल्या, मेट्रोनं भोंगा दिला, आणि यामिले रडत रडत नेल्सनच्या छातीवर आपटली. दोन मुली झाल्या तिला. थोरली सोळाची, धाकटी तानिया नऊची. यामिलेनं कधी रक्त दिलं नाही, कधी त्या विभागाची पायरी चढली नाही. गरजच काय? तिच्या आईनं देवाच्या साक्षीनं सांगितलं होतं. पाळणा खांबावरून जाताना खडखडला, खाली पत्र्यांवर वाळत घातलेले कपडे, अंगणात कुणी पोराचे केस कापतंय, आणि समोरच्या रिकाम्या बाकावर, मी खोटं सांगत नाही, तो बसला होता. दिसला नाही. पण जागा भरलेली असते ती कळते. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्या घरी असलेला पाहुणा. मी त्याला विचारलं, तू तिच्याही घरी गेलास का? पाळणा वर चढत राहिला.

आज फाबियोलाची नववी संध्याकाळ. घर माणसांनी भरायला लागलं होतं, भिंतीलगत भाड्याच्या खुर्च्या, कोपऱ्यात तिचा फोटो, पांढरी फुलं, ग्लासभर पाणी. हिल्दार्दो दारातच उभा. "काय गं एदिल्मे, इतका वेळ? मला वाटलं तुला तिथंच बरणीत ठेवून घेतली." मी म्हटलं, "बरणी लहान पडली." "डोकं मोठं नाही गं, तोंड मोठं," तो म्हणाला, आणि खुर्च्यांवरच्या बाया हसल्या. मीही हसले. पिवळं कार्ड झग्याच्या खिशात होतं आणि चालताना मांडीला लागत होतं. यामिले स्वयंपाकघरात कॉफीचं पातेलं ढवळत होती. जीन्स शिवायच्या कारखान्यातून थेट आलेली, बाहीवर निळे धागे तसेच. तिनं गालाचा मुका घेतला. "दमलीस आई. बैस. कॉफीला गूळ घातलास सकाळी, की मी घालू?" "घातलाय," मी म्हटलं. ती मुलींना ओरडली, कप पुसले, शेजारच्या दोन्या रुबिएलाशी खोकल्याच्या औषधाबद्दल बोलली, पुन्हा पातेल्याशी आली. "आई, गूळ घातलाय ना यात?" बाहेर कुणाचे चमचे थांबले नाहीत. ती मोकळी होती ना. तिचं कोण मोजणार? मी मोजलं. दोन. आणि लगेच मनात म्हटलं, दिवसभर मशीनवर बसून आलीय, मावशी गेलीय, माणूस विचारतो दोनदा. मी स्वतः सकाळपासून किल्ल्या तीनदा शोधल्या. पण मोजणं एकदा सुरू झालं की थांबत नाही. गेल्या महिन्यात तानियाच्या शाळेत ती चुकीच्या दिवशी गेली होती. नाताळात तिनं मला दोनदा एकच शाल दिली होती आणि आम्ही किती हसलो होतो. काल कौतुकानं आठवलेली प्रत्येक गोष्ट आज उलटी होऊन मागची बाजू दाखवत होती, कापडाच्या उलट्या बाजूसारखी, गाठींनी भरलेली.

आणि मग मी जे केलं ते देवानं पाहिलंय. नवव्या संध्याकाळी नऊ दारांचं गाणं म्हणतात. पाद्री एलिसेओंनी ते आमच्या गावाला शिकवलं: मेलेला जीव नऊ दारांतून जातो, एकजण दार गातो आणि सगळे द्वारपाळाला विनवतात. वीस वर्षं ते मी म्हणते. शेजारच्या वस्त्यांतून मला बोलावणी येतात. मी घशाला हात लावला आणि हिल्दार्दोला म्हटलं, "माझा आवाज बसलाय. आज यामिले म्हणेल." "म्हणू दे की," तो म्हणाला, "तिचा गळा तुझ्याहून गोड आहे, आणि तिला कसली परीक्षा?" यामिले क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं नाही म्हणेल. "हातच धुवून येते," ती म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ आत होती. आली तेव्हा तिनं दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट दाबून छातीशी धरले होते. मी फोटोशेजारी बसले. माझा आवाज बसला नव्हता. मयताच्या प्रार्थनेचा मी सापळा केला होता आणि त्यात माझं लेकरू ठेवलं होतं, आणि बाजूला बसून बघत होते.

पहिल्या दारी लाकडी कडी,
रोज लाविली, आज सोडी;
वाटसरू मी, हात रिकामे —
उघड गा द्वारपाळा.

"उघड गा द्वारपाळा," खोली म्हणाली. तिचा आवाज खरंच गोड आहे. थोडा खर्जात, माझ्या आईसारखा. दुसरं दार लोखंडाचं, तिसरं पाण्याचं. प्रत्येक दारानंतर लोक विनवणी गात असताना ती मान खाली घालायची, तळवे किंचित उघडायची, पुन्हा मिटायची. मला वाटलं, किती भक्तीनं म्हणतेय. चौथं दार मक्याचं आलं आणि मी ते दार ऐकलंच नाही, फक्त शब्द जागेवर पडताहेत का ते ऐकलं. पाचवं लोकरीचं. लहानपणी याच दाराला माझे डोळे भरून यायचे. आज मी शब्दांमधली अंतरं मोजत होते. देवा, मी तुझ्या दारात तराजू घेऊन बसले होते. सहावं राखेचं, त्यात ती एक ओळ जराशी लांबवली, पण चाल सुटली नाही. माझी पाठ सैल झाली. मनात म्हटलं, झालं, सहा झाली. लोकांनी विनवणी केली. तिनं मान खाली घातली, तळवे उघडले.

आणि थांबली. लोक वाट बघत होते. कुणीतरी खोकलं. हिल्दार्दोची बोटं तिप्लेच्या तारांवर तशीच राहिली. प्रथम सगळ्यांना वाटलं, हुंदका आलाय. मग तो वेळ हुंदक्यापेक्षा लांबला आणि खोलीत ते आलं, जे मी उभ्या जन्मात ओळखते. माणसं श्वास घ्यायची थांबत नाहीत, पण श्वासाचा आवाज थांबतो. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. यामिले हाताकडे बघत होती, मग वर बघितलं, मग एकेकाच्या तोंडावर. हिल्दार्दो. रुबिएला. तिची थोरली, जिला काही कळत नव्हतं. तानिया. आणि मग मी. ते डोळे मी पाहिले होते, मिठाच्या बरणीसमोर. सातवं दार माझ्या ओठांवर होतं, आणि चाळीसेक वर्षांच्या सवयीनं माझे ओठ मिटलेले होते.

मी उठले. खुर्ची मागे पडली असावी, कारण आवाज झाला. तिच्याजवळ जाऊन मी तिचा उजवा हात हातात घेतला. तो ओला होता, आणि मी तळवा वळवला तेव्हा दिसलं. बॉलपेननं, बारीक अक्षरात, बोटांच्या मुळाशी एकाखाली एक: कडी, लोखंड, पाणी, मका, लोकर, राख. त्याखालचा शब्द घामानं विरघळून निळा डाग झाला होता. त्याखाली पुन्हा: सावली, उजेड. म्हणजे हात धुवायला गेली होती ती याच्यासाठी. म्हणजे मी मोजायच्या आधीपासून ती स्वतःला मोजत होती, एकटी, कुणाला न सांगता. मी तो तळवा माझ्या तळव्यावर दाबला, शाई माझ्या हाताला लागली, आणि मी गायला लागले, बसलेल्या नव्हे, भरल्या आवाजात:

सातव्या दारी मिठाचा खडा,
रडून झाला मोकळा घडा;
हलका जीव, अडवू नको —
उघड गा द्वारपाळा.

खोली उत्तर द्यायचं विसरली. पूल न ओलांडलेल्याला कुणी शब्द दिलेला त्यांनी पाहिला नव्हता. "म्हणा की," मी म्हणाले. मग हिल्दार्दोनं तार छेडली आणि तो एकटाच म्हणाला, "उघड गा द्वारपाळा," मग बाकीचे. आठवं, नववं आम्ही दोघींनी म्हटलं, हात धरून. फाबियोला, मी तुला तो शब्द दिला नाही. आज दिला, उशिरा, भलत्याच हातात. घे.

लोक कॉफी पिऊन गेले. हिल्दार्दो जाताना माझ्यासमोर थांबला, काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं, आणि नुसताच डोक्यावर हात ठेवून गेला. यामिले कप विसळत होती, मी पुसत होते. पलीकडे मुली भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालत होत्या. मी खिशातून पिवळं कार्ड काढून बेसिनजवळ ठेवलं. तिनं ते वाचलं, पाण्याची धार तशीच चालू. "हे तुझं?" "माझं." "पण तू तर—" "हो. मी पूल ओलांडला, पण ते माझ्यात आहे. आणखी एक काहीतरी आहे जे त्याला धरून बसलंय. डॉक्टरांनी आज सांगितलं. यामिले, मी तुला सगळ्यांदेखत मोकळी म्हटलं होतं. तसं म्हणायचा मला अधिकार नव्हता. मला ठाऊकच नव्हतं." तिनं एक कप विसळला, पुन्हा तोच विसळला. मग म्हणाली, "मार्चमध्ये मी एका दिवसात चाळीस पँटना दोन्ही खिसे डाव्या बाजूला लावले. कारखान्यातल्या बाईंनी उसवायला लावले. मी म्हटलं, डोळे असतील. चष्मा केला. तू म्हणाली होतीस ना मोकळी, म्हणून दुसरं काहीतरी शोधत राहिले. थायरॉइड केलं. झोपेची गोळी घेतली." तिचा आवाज चढला नाही, त्यापेक्षा चढला असता तर बरं. "मग आज मला गायला का लावलंस, आई?" मी खोटं बोलू शकले असते. "बघायला," मी म्हणाले. "मी वाईट केलं." "हो," ती म्हणाली. "वाईट केलंस." आणि मग, कप हातात तसाच, तिनं ओलं कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं, लहानपणी ताप आला की टेकवायची तसं.

मी तिला जे सांगता येईल ते सांगितलं. निम्मी शक्यता. दुसरं अक्षर, जे माझ्यात दुहेरी आहे आणि तिच्यात एकेरी असणार. एकेरी किती राखतं ते कुणाला माहीत नाही. नुसता थकवाही असू शकतो. तिला नको असेल तर जायला नको, कुणी बळजबरी करत नाही. दारातून तानिया डोकावली, "आजी, एक खुर्ची जास्तच आहे, कुठं ठेवू?" मी म्हटलं, "राहू दे तिथंच." यामिलेनं डोळे पुसले, कार्ड उचललं, फ्रिजपाशी गेली, आणि केळ्याच्या चुंबकाखालचं फाबियोलाचं काढून त्या जागी माझं लावलं. जुनं दुमडून खिशात घातलं. "मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "मुलींसाठी येते. सोमवारी किती वाजता?"

"आठला."

ती पुन्हा बेसिनशी आली. राहिलेले कप एकेक करून विसळले, पालथे घातले, पातेलं खरवडलं, तळाशी चिकटलेला गूळ बोटानं चाखून पाहिला. खिडकीबाहेर पाळणे खाली-वर जात होते, आतले दिवे लागलेले, बरेचसे रिकामे. ती हात पुसत माझ्याकडे वळली.

"आई, सोमवारी किती वाजता म्हणालीस?"

बाहेरच्या खोलीत थोरलीच्या हातातली खुर्ची थांबली. मी फडकं झटकलं आणि तिच्याकडे सरळ बघून, पहिल्यांदाच सांगावं तसं, म्हणाले, "आठला, पोरी. आठला."